फेसवॉशची ट्यूब मागून वाचा

ट्यूबच्या पुढच्या बाजूला हळद, कडुनिंब, चारकोल, व्हिटॅमिन सी, हल्ली तर तांदळाचं पाणीसुद्धा. हे सगळं आपण जेमतेम अर्धा मिनिट तोंडाला चोळतो आणि बेसिनमध्ये सोडून देतो. तोंड धुवायचं काम यातलं कोणीच करत नाही. ते करणारी मंडळी मागच्या बाजूला बारीक अक्षरात बसलेली असतात, चाळिशी लागलेल्या माणसाला तर मोबाईलने फोटो काढून झूम केल्याशिवाय दिसत पण नाहीत, आणि फेसवॉश तुम्हाला मानवणार की नाही हे बहुतेक वेळा तीच ठरवतात.

त्यांचं नाव सर्फॅक्टंट. रेणूचं एक टोक पाण्याला धार्जिणं, दुसरं तेलाला. पाण्यात ते पुरेसे झाले की घोळका करतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर, या घोळक्याला मायसेल म्हणतात, चेहऱ्यावरचं तेल-सनस्क्रीन-मळ त्यात अडकतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. अडचण अशी की नको असलेलं तेल कुठलं आणि त्वचेच्या वरच्या थरातलं, पाणी धरून ठेवणारं, हवं असलेलं कुठलं, हे त्यांना कळत नाही. कोणी कमी हावरट, कोणी जास्त, एवढंच. (रिठ्यातलं सॅपोनिन पण सर्फॅक्टंटच बरं का, त्यामुळे नैसर्गिक विरुद्ध केमिकल हा वाद इथे फारसा कामाचा नाही.)

आता यादी कशी वाचायची. भारतात कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार घटक जास्तीकडून कमीकडे लिहावे लागतात, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. मी यात फिनॉक्सीइथेनॉल शोधतो. हे प्रिझर्व्हेटिव्ह, साधारण १ टक्क्याच्या वर घालत नाहीत, म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते सगळं १ टक्का किंवा कमी. बघाच एकदा, पुढे मोठ्या अक्षरात मिरवणारी हळद बऱ्याचदा तिथेच, सुगंध आणि रंगाच्या शेजारी सापडते.

आणि पहिली पाच-सहा नावं वाचताना एक गंमत दिसेल. घट्ट, मोतिया रंगाचे, भरपूर फेस करणारे क्रीमसारखे फेसवॉश असतात ना, त्यांच्या मागे मिरिस्टिक अॅसिड, स्टिअरिक अॅसिड, लॉरिक अॅसिड आणि थोडं पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड असं लिहिलेलं असतं. ही अॅसिडं म्हणजे चरबीतली फॅटी अॅसिडं, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणजे अल्कली. फॅटी अॅसिड आणि अल्कली एकत्र आले की काय होतं? साबण! सोडियमचा केला तर वडी होते, पोटॅशियमचा केला तर मऊ पेस्ट. म्हणजे ‘मी साबण कधीच लावत नाही, फेसवॉशच वापरते’ असं सांगणारी कितीतरी माणसं रोज ट्यूबमधला साबणच लावत असतात, फक्त लेबलवर साबण हा शब्द नसतो.

साबण वाईट असं नाही, पण त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, आकडा जितका मोठा तितकं जास्त अल्कधर्मी) ९ ते १० च्या घरात आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. अल्कलीने वरचा थर फुगतो, त्यातलं तेल जास्त निघतं, आणि ते तेल नव्याने तयार करणाऱ्या एन्झाइमना आम्लधर्मी वातावरण लागतं म्हणून त्यांचंही काम मंदावतं. धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होतात, तोंड आवळल्यासारखं वाटतं, ते हेच. लोक त्याला ‘एकदम स्वच्छ वाटतंय’ म्हणतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची न विरघळणारी साय तयार होते, बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तोच, थोडा चेहऱ्यावरही राहतो. आणि साबणाच्या वडीवरचा टीएफएम आकडा म्हणजे चरबीचं प्रमाण, तो ७६ असला तरी साबण अल्कधर्मीच राहतो.

जेलसारखे पारदर्शक फेसवॉश वेगळे. त्यांच्यात बहुतेकदा सोडियम लॉरेथ सल्फेट आणि जोडीला कोकामिडोप्रोपिल बिटेन असतं. लॉरेथ आणि लॉरिल यांत गल्लत करू नका. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, एवढं त्रासदायक की त्वचेच्या संशोधनात मुद्दाम चुरचुर आणि लाली आणायला तेच वापरतात. अर्थात तिथे त्याची पट्टी तासन्‌तास चिकटवून ठेवतात, आपण लगेच धुतो, आणि त्याने कॅन्सर होतो हा फॉरवर्ड तर पार ईमेलच्या जमान्यापासून फिरतोय, त्यात तथ्य नाही. लॉरेथचं पाण्याकडचं डोकं मोठं असतं म्हणून ते त्वचेत कमी घुसतं, आणि बिटेन सोबत असलं की दोघांचे मायसेल मोठे आणि स्थिर होतात, सुटे रेणू कमी उरतात, त्रास आणखी कमी. म्हणून एकटं नाव बघून घाबरण्यात अर्थ नाही, सोबत कोण आहे ते बघा.

‘सल्फेट फ्री’ हे बिरूद पण तसंच. सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट सल्फेट नाही, पण तेल काढायला चांगलंच तगडं आहे. कोरड्या किंवा नाजूक त्वचेसाठी खरंच सौम्य हवं असेल तर सोडियम कोकोइल आयसेथिओनेट (१९५७ साली अमेरिकेत आलेला डव्ह बार यावरच उभा राहिला), सोडियम कोकोइल ग्लायसिनेट, डेसिल ग्लुकोसाइड ही नावं यादीत वरच्या बाजूला शोधा, सोबत ग्लिसरीन. फेस कमी येईल, येऊ दे, फेसाचा आणि स्वच्छतेचा फार संबंध नाही. पण सौम्य म्हणजे सगळ्यांना चालेलच असंही नाही, काहींना बिटेनची किंवा ग्लुकोसाइडची अॅलर्जी निघते, खाज सुटली तर बंद करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

राहिली औषधी नावं. सॅलिसिलिक अॅसिड तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रांतल्या तेलकट गाळापर्यंत पोचू शकतं, तेलकट त्वचेला फेसवॉशमधून थोडा उपयोग होतो, मात्र तोंडावर ठेवायच्या जेलइतका नाही. मेंथॉलचा थंडावा म्हणजे नसांना दिलेली हूल, तापमान काही उतरत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं सॅलिसिलिकसारखं नाही, ते धुवून टाकायच्या प्रकारातही पिंपल्सच्या बॅक्टेरियांवर चांगलं चालतं, दोनेक मिनिटं ठेवून धुतलं की पुरे. फक्त ते ब्लीच आहे, रंगीत टॉवेलला पुसलं की डाग पडून टॉवेल कायमचा बाद, तेव्हा पांढरा वापरा आणि उशीचा अभ्राही पांढराच.