काट्याला चिकटलेलं ते रक्त नव्हे

बांगडा साफ करताना पोट फाडून आतडी काढली, की पाठीच्या काट्याला चिकटलेला एक काळपट लाल पट्टा उरतो. रक्त गोठलंय असं समजून तो अंगठ्याच्या नखाने खरवडला जातो आणि नळाखाली धुतला जातो. रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धन, कुठल्याही स्वयंपाकघरात हेच चालतं. प्रत्यक्षात ते रक्त नव्हे. ते माशाचं मूत्रपिंड आहे.

आमच्या मते हायस्कूलमधला संसर्गजन्य रोगांचा धडा या पट्ट्यापासून सुरू करावा. एरवी हा धडा म्हणजे एक तक्ता असतो: रोग, जंतू, लक्षणं, उपाय. मुलं तो पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. जंतू शरीरात राहतो कुठे, बाहेर कुठून पडतो आणि दुसऱ्याच्या अंगात कोणत्या दाराने शिरतो, हे तीन प्रश्न अवयव समोर असल्याशिवाय मुलांच्या मनात येत नाहीत. कोकणातल्या मुलांना यातला एक रोग नावाने चांगला ठाऊक असतो, तो म्हणजे लेप्टो, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप. त्याची सगळी गोष्ट मूत्रपिंडातच सुरू होते.

वर्गात बेडूक कापायचा काळ संपला, हे बरंच झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली महाविद्यालयांतही प्राणिशास्त्रातली विच्छेदनं थांबवली. शाळेसाठी कुठलाही प्राणी मारायची गरज नाही. बाजारात खाण्यासाठी आलेला बांगडा पुरतो. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि पालकांना आधी कळवावं. ज्यांच्या घरी मासळी चालत नाही त्यांना कापायला लावू नये. आकृती काढणं आणि नोंदी ठेवणं हेही तितकंच महत्त्वाचं काम आहे.

चार मुलांमागे एक मासा धरला तर चाळीस जणांच्या वर्गाला दहा लागतात. प्रत्येक मासा वीस-बावीस सेंटिमीटरचा असावा. कोळणीला आधीच सांगावं, "पोट फाडू नका, अख्खेच द्या." डोळे फुगीर, कल्ले लालबुंद, आणि बोटाने दाबलं तर खळगा न राहणारा मासा निवडावा. किलोभर माशाला किलोभर बर्फ घालून त्याच दिवशी तास घ्यावा. रात्री डीप फ्रीझरमध्ये टाकला तर पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि दुसऱ्या दिवशी यकृताचा लगदा हाती येतो. बर्फाविना ठेवला तर माशाच्या आतड्यातले पाचकरस त्याचंच पोट पोखरतात. शिवाय बांगड्याच्या जातीच्या माशांत जंतू मांसातल्या हिस्टिडिन या घटकापासून हिस्टामिन हे त्रासदायक द्रव्य तयार करतात. ते शिजवूनही जात नाही. शिळा बांगडा खाऊन तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं यामागे बहुतेकदा तेच असतं. अवयव टिकवायचं रसायन, फॉर्मलिन, शाळेत नकोच. ते कर्करोगकारक आहे, आणि त्यात ठेवलेल्या अवयवांचा रंग उडून सगळं एकाच राखाडी छटेचं दिसतं.

मासा ताटात डोकं डावीकडे करून ठेवावा. बोथट टोकाची कात्री गुदद्वारात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर घालून पोटाच्या मध्यरेषेवरून कल्ल्यांच्या दिशेने कापत जावं. कात्रीचं टोक सतत बाहेरच्या बाजूला उचललेलं हवं. चुका इथेच होतात. टोक आत गेलं की आतडं फाटतं. त्याहून वाईट म्हणजे यकृताला लगटून असलेली पित्ताची पिशवी फुटते आणि सगळे अवयव हिरवट होतात. तसं झालंच तर लगेच थंड पाण्याने धुवावं. मग कल्ल्याच्या झाकणामागून वर काट्यापर्यंत काप घेऊन बरगड्यांसकट वरची बाजू उचलावी.

हृदय मुलं पोटात शोधतात. ते तिथे नसतं, कल्ल्यांच्या खाली वेगळ्या कप्प्यात असतं. त्याची त्रिकोणी जवनिका, म्हणजे रक्त ढकलणारा कप्पा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते आणि तिच्या पुढे पांढरट फुगवटा दिसतो. ऋतूप्रमाणे गाबोळी किंवा पांढरं वीर्यकोश मिळतं. ते बाजूला सारलं की काळपट लाल प्लीहा दिसते.

कल्ल्यांपाशी मात्र थांबावं. प्रत्येक बाजूला चार कमानी मोजता येतात. आतल्या कडेला लांब, पिसासारखे काटे असतात, त्यांनी बांगडा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. एक कमान कापून पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडावी. लाल तंतू सुटे होऊन पसरतात. पाण्याबाहेर काढली की सगळे एकमेकांना चिकटून त्यांची बट होते. हवेत प्राणवायू जास्त असूनही मासा का गुदमरतो, हे त्या दोन क्षणांत दिसतं.

इथेच परजीवीही सापडू शकतो. कल्ल्यांच्या पोकळीत लाकडाखालच्या किड्यासारखा, खंडित कवचाचा एक कवचधारी बसलेला असतो. मोठी मादी आणि जवळच छोटा नर. यकृतावर किंवा आतड्यावर घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पांढरी अळी दिसली, तर ती बहुधा अॅनिसाकिस गटातली असते. ती कोळंबीसारख्या जीवांतून माशात येते आणि देवमासा किंवा डॉल्फिनच्या पोटात पोचल्यावर प्रौढ होते. मासा तिच्यासाठी नुसता मधला मुक्काम आहे. नीट शिजवल्यावर ती मरते, त्यामुळे घरच्या कालवणाची भीती घालू नये. दर खेपेला ती सापडेल असंही नाही.

आता काट्याजवळचा पट्टा. त्याच्यावर पातळ पडदा असतो, तो टाचणीने उचलावा. आतला मऊ गर म्हणजे अतिसूक्ष्म नलिकांची गर्दी. उंदराच्या मूत्रपिंडातही अशाच नलिका असतात आणि लेप्टोस्पायरा हा मळसूत्री जंतू त्यांच्याच भिंतींना चिकटून राहतो. त्याची जाडी मिलिमीटरचा दहाहजारावा भाग, टोकं आकड्यासारखी वळलेली. उंदीर आजारी पडत नाही, पण महिनोन्‌महिने लघवीतून जंतू सोडत राहतो. एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: उंदीर किंवा घूस पकडून कापायचा विचार कुणीही करू नये. त्यासाठीच बांगडा आहे.

लघवी भातखाचराच्या पाण्यात उतरते. ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात जंतू आठवडेच्या आठवडे जगतो. कोरड पडली किंवा क्लोरीन लागलं की मरतो. मग पायावरच्या चिरेतून, पाण्यात राहून फुगलेल्या कातडीतून, डोळ्यांतून किंवा तोंडातून तो माणसात शिरतो. सामान्यतः पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात. उशीर झाला तर कावीळ होते आणि मूत्रपिंडं निकामी होतात. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. म्हणून लावणीनंतर ताप आला तर "खाचरात उतरलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगायला मुलांना शिकवावं.

दार दाखवायला बटाटा घ्यावा. दोन सारखे बटाटे धुऊन पुसावेत. एक अखंड ठेवावा, दुसऱ्यावर सुईने पाच-सहा ओरखडे काढावेत. पेलाभर पाण्यात चमचाभर निळी शाई घालून दोन्ही तासभर बुडवावेत, मग पुसून कापावेत. शाई ओरखड्यांच्या जागीच आत उतरलेली दिसते. कोंब फुटलेला बटाटा घेऊ नये, कोंबापाशी साल आधीच फाटलेली असते. आपली कातडी पाण्यात फुगते तशी बटाट्याची साल फुगत नाही. एवढा फरक मुलांना सांगावा, म्हणजे जखम नसली तरी गमबूट का घालायचे ते कळतं.

माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांसाठी पेल्यांचा प्रयोग आहे. हळदीत चुना पडला की लाल होते, कुंकू असंच करतात; तेच तत्त्व. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात गाळणकागद बुडवून वाळवावेत. प्रत्येकाच्या पेल्यात 50 मिलिलिटर पाणी. फक्त एकाच पेल्यात, कुणालाही न सांगता, 100 मिलिलिटरला सपाट चमचाभर धुण्याचा सोडा या प्रमाणात केलेलं निथळलेलं पाणी. जोडीदाराच्या पेल्यात सगळं ओतायचं आणि निम्मं परत घ्यायचं. असे तीन वेळा, दरवेळी नवा जोडीदार. मग कागद बुडवायचा. जास्तीत जास्त आठ कागद लाल होतात. खाण्याचा सोडा वापरला तर प्रयोग फसतो, कारण तो सौम्य असल्याने हळद नीट लाल होत नाही. नोंदींवरून मूळ पेला शोधायला सांगितलं, की मुलं पहिल्या फेरीतल्या जोडीपर्यंत पोचतात आणि तिथे अडतात. त्या दोघांचं पाणी सारखंच झालेलं असल्याने पुढे वेगळं करता येत नाही.

हा खेळ लेप्टोला लावू नये. लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. त्यासाठी सोड्याचं पाणी एका टबात ठेवावं आणि निम्म्या मुलांनीच त्यातून पेले भरावेत. लाल कागदांचा माग काढत गेलं की शेवटी टब सापडतो.

आवराआवरीत घाई नको. टेबलावरचं रक्त आणि खवले आधी साबणाने धुवावेत, मगच ब्लीचचं पाणी (पाच टक्क्यांच्या एका भागाला नऊ भाग पाणी) दहा मिनिटं ठेवावं. रक्तात क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंना उरत नाही. ज्यांच्या हाताला जखम आहे त्यांनी मासा हाताळू नये. काटा टोचला तर वाहत्या पाण्यात साबणाने धुऊन लगेच शिक्षकांना सांगावं. कापलेला मासा कुणीही घरी नेऊन खाऊ नये. अवशेष विहिरीपासून दूर, माडाच्या मुळाशी हातभर खोल पुरावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

वेळापत्रकही महत्त्वाचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे बांगड्याचा तास नारळी पौर्णिमेनंतरच ठेवावा. बटाट्याचा मात्र शाळा उघडल्याबरोबर, खाचरात लावणी सुरू होण्याआधी.