सोरोरिटी

सोरोरिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधली मुलींची संघटना. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण, त्यावरून हे नाव पडलं. संघटनांची नावं बहुतेक ग्रीक अक्षरांची असतात म्हणून सगळ्या प्रकाराला 'ग्रीक लाइफ' म्हणतात, ग्रीस देशाशी काही देणंघेणं नाही.

सगळ्यात जुनी १८५१ ची, जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजातली, आज तिचं नाव अल्फा डेल्टा पाय. त्या काळी मुलगी कॉलेजात जाते हीच नवलाई होती, फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनांत, तर त्यांना कोणी घेत नव्हतं, मग मुलींनी आपलं आपण सुरू केलं. सोरोरिटी हा शब्द १८८२ मधला, त्यामुळे त्याआधीच्या काही संघटना अजूनही स्वतःला 'विमेन्स फ्रॅटर्निटी' म्हणवतात.

प्रवेशाला रश म्हणतात. काही दिवस वेगवेगळ्या सोरोरिटींच्या घरी गाठीभेटी, गप्पा, हसू न ढळू देणं (थोडक्यात कांदेपोहेच, फक्त बघणाऱ्या पन्नास-शंभर), आणि शेवटी बिड डेला, म्हणजे निवडीच्या दिवशी, सगळ्याजणी एकदम पाकीट फोडतात, आत ज्या सोरोरिटीचं नाव असेल तिकडे किंचाळत पळत सुटतात. मग नव्या मुलीला एक 'बिग' मिळते, म्हणजे सीनियर मानलेली बहीण. बरेच ठिकाणी आठवडाभर निनावी भेटवस्तू येत राहतात, बिग कोण ते शेवटी कळतं. बिगची बिग ती आजी, असा वंशवृक्षच तयार होतो. मैत्री अशी नेमून देता येते का, हा प्रश्न पडतोच, पण सख्खी बहीण तरी कुठे आपण निवडतो!

मूल्यांचं म्हणाल तर अभ्यास, समाजसेवा, एकमेकींना धरून राहणं हे सगळ्यांच्याच घोषणापत्रात असतं, ते खरं किती हे वागण्यावरून कळतं. गोऱ्या मुलींच्या सोरोरिटीत कृष्णवर्णीय मुलींना वर्षानुवर्षं दार बंद होतं, अलाबामा विद्यापीठात तर २०१३ मध्येसुद्धा यावरून गदारोळ झाला. नव्यांना छळण्याचे प्रकार, म्हणजे हेझिंग, आणि महागडी फी या तक्रारीही जुन्याच.

कृष्णवर्णीय मुलींनी मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा काढली. १९१३ च्या जानेवारीत तिथेच २२ जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि ३ मार्चला त्या थेट स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या, जेमतेम दोन महिन्यांची संघटना! इथे एकत्र प्रवेश घेतलेल्या मुलींना 'लाइन सिस्टर' म्हणतात, रांगेतला नंबर जन्मभर चिकटतो. कमला हॅरिस १९८६ मध्ये अल्फा कप्पा अल्फात आल्या, २०२१ च्या उपराष्ट्रपतिपदाच्या शपथविधीला त्यांच्या गळ्यात मोती होते आणि देशभरच्या सोरोर घरोघरी मोती घालून टीव्हीसमोर बसल्या, कारण मोती ही त्या सोरोरिटीची खूण.

अमेरिकेतल्या देशी, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या, मुलींनीही १९९८ मध्ये ह्युस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा सुरू केल्या.

कॉलेज संपलं की चॅप्टर, म्हणजे सोरोरिटीची शाखा, बदलतो, नातं नाही. नव्या शहरात गेलेली बाई आधी तिथला ग्रॅज्युएट चॅप्टर शोधते, कृष्णवर्णीय सोरोरिटीत तर कित्येकजणी पदवीनंतरच सामील होतात. आणि अल्फा कप्पा अल्फातली कोणी वारली की बाकीच्या पांढरे कपडे घालून येतात, तिच्यासाठी वेगळा विधी करतात आणि तिलाही शेवटपर्यंत सोरोरच म्हणतात.