फेडरल डिस्ट्रिक्ट जज (अमेरिका)

अमेरिकेत केंद्राच्या कायद्याखालचे खटले साधारणपणे जिथे पहिल्यांदा उभे राहतात ते फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि तिथे बसतो तो डिस्ट्रिक्ट जज. नाव ऐकून आपले जिल्हा न्यायाधीश डोळ्यासमोर येतात पण तशी गल्लत करू नका, तिकडे अख्ख्या देशात मिळून फक्त ९४ डिस्ट्रिक्ट आहेत, कॅन्ससचं तर सगळं राज्यच एक डिस्ट्रिक्ट. परीक्षा वगैरे भानगड नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतो, सिनेट मंजुरी देतं, आणि माणूस एकदा खुर्चीत बसला की बसला, रिटायरमेंटचं वयच नाही. घटनेत एवढंच म्हटलंय की वागणूक नीट आहे तोवर पद राहील आणि पगार कापता येणार नाही. वकील असायला पाहिजे असंही घटनेत लिहिलेलं नाही! काढायचंच असेल तर महाभियोग, आणि त्या रस्त्याने आजवर फेडरल कोर्टांतले जेमतेम ८ जज घरी गेलेत.

ही नोकरी किती लांबू शकते ते बघायचं तर वेस्ली ब्राउन यांच्याकडे बघावं. जन्म १९०७, कॅन्ससमधलं हचिन्सन. वकिली केली, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते, नंतर दिवाळखोरीच्या केसेस बघायचे, आणि १९६२ मध्ये केनेडींनी त्यांना जज केलं. तेव्हा वय ५४, म्हणजे आपल्याकडे हायकोर्टाचे जज ६२ ला रिटायर होतात त्या हिशोबाने जेमतेम आठ वर्षं उरली असती. १९७१ ते १९७७ चीफ जज होते, मग १९७९ मध्ये 'सीनियर स्टेटस' घेतलं.

हे सीनियर स्टेटस म्हणजे मजेशीर प्रकार आहे. वय आणि नोकरीची वर्षं मिळून ८० झाली (वय किमान ६५ हवं) की जज आपली जागा नव्या माणसासाठी मोकळी करतो पण जजच राहतो, पगार चालू, आणि केसेस झेपतील तेवढ्याच घ्यायच्या. बरेच जण थोडंफार काम करतात. ब्राउन मात्र विचिटाच्या कोर्टात पुढची ३२ वर्षं येत राहिले, शंभरी ओलांडल्यावर नाकात ऑक्सिजनची नळी लावून खटले ऐकायचे. लांबणारी केस असली की वकिलांना आधीच सांगून ठेवायचे, शेवटापर्यंत मी असेनच असं नाही. एका मुलाखतीत तर म्हणाले होते की या वयात मी कच्ची केळीसुद्धा विकत घेत नाही (पिकेपर्यंत कोण थांबणार, असा अर्थ).

२३ जानेवारी २०१२ ला वयाच्या १०४ व्या वर्षी गेले, तेव्हाही ते जजच होते.