सीमाभागातील शारीरिक शिक्षणाचा तास आणि भावी शिक्षकांची तयारी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील लहान मराठी प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास बहुधा वर्गशिक्षकालाच घ्यावा लागतो. त्या तासासाठी छात्राध्यापकाला, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या भावी शिक्षकाला, कितपत तयार केले जाते, हा प्रश्न हा भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हापासूनचा आहे.

१९३७ साली प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, शारीरिक शिक्षणाच्या आखणीत योगतज्ज्ञ स्वामी कुवलयानंदांनी पुढाकार घेतला आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. केवळ कवायतीवर न थांबता आसने, सूर्यनमस्कार, लेझीम आणि देशी खेळ शाळेत आणण्याची ही दृष्टी होती, आणि माझ्या मते ती आजही सर्वांत व्यवहार्य आहे, कारण तिला महागडे साहित्य लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. शाळांचे माध्यम मराठी राहिले, मात्र शिक्षक-प्रशिक्षणाची सूत्रे नव्या राज्याकडे गेली. पुढे टीसीएच, मग डीएड आणि आता डीएलएड पदविका अशी प्राथमिक शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाची नावे बदलली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थाही उभ्या राहिल्या.

खरी अडचण सराव पाठात, म्हणजे छात्राध्यापक शाळेत जाऊन सरावासाठी घेतो त्या तासात, दिसते. पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, नीट लिहिलेले असते. पण मुलांकडे तोंड करून लेझीम शिकवताना मुलांना उजवा पाय टाकायला सांगून स्वतः डावा टाकावा लागतो, आणि मागच्या रांगेचा ठेका चुकला तर हात न थांबवता तो सावरावा लागतो. हे मैदानावर पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडते. खेळाच्या तासाला गणित उरकण्याची सवय शाळांत रुजली आहे. छात्राध्यापक तीच पाहून शिकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरवले, परंतु शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या शंभराहून अधिक पटाच्या शाळांपुरतीच ठेवली. खानापूरच्या जंगलपट्टीतील कमी पटाच्या मराठी शाळा त्या निकषात बसत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापनात खेळांची सांगड घालण्यास सांगितले आहे; ते लागू झाले तर तेथील वर्गशिक्षकाचे काम आणखी वाढेल, आणि त्याची तयारी पदविकेच्या दोन वर्षांतच व्हायला हवी.