सेंटओएस ७ वरचा सर्व्हर, थांबलेलं ‘यम’ आणि त्याच्या जागी येणारं ‘डीएनएफ’: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आमच्या ज्या ग्राहकांचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतो, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. कुणाचा सर्व्हर जिनिंगच्या ऑफिसात बिलं काढतो, कुणाचा डाळ मिलचा साठा सांभाळतो, कुणाकडे पतसंस्थेची खाती आहेत, तर कुणी नुसत्या फायली एका जागी राहाव्यात म्हणून तो घेतला आहे. कामं वेगळी असली तरी आतली कार्यप्रणाली एकच आहे, आणि तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी कायमच्या थांबल्या.

हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, “चाली ऱ्हायनं ना भाऊ, मंग काबर बदलनं?” प्रश्न रास्त आहे. चालत्या मशीनला उगाच हात लावू नये, हे मिलमधला फिटरही सांगतो आणि बहुतेक वेळा त्याचं खरं असतं. इथे ते का लागू पडत नाही, ते तुम्हाला स्वतःला पटावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो आहोत.

‘यम’ काय काम करत होतं

लिनक्सच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. डेटाबेस हे एक पॅकेज, वेब सर्व्हर दुसरं, प्रिंटरची व्यवस्था तिसरी, अशी शेकडो पॅकेजेस एका मशीनवर असतात आणि एकेकाला चालण्यासाठी दुसरी पाच-दहा लागतात. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं, कुठून आलं, त्याच्या फायली कुठे बसल्या, त्याच्या भरवशावर आणखी कोण उभं आहे, याची नोंद ठेवणारं आणि नवीन पॅकेज आणून बसवणारं साधन म्हणजे पॅकेज व्यवस्थापक. आडतीच्या दुकानात आवक-जावक वही चोख असली की कोणतं पोतं कुणाचं यावर वाद होत नाही, तसंच हे.

सेंटओएस ७ मध्ये ही वही ‘यम’च्या हाती होती. त्याआधीच्या काळात आरपीएमच्या (म्हणजे पॅकेजेसच्या) फायली एकेक करून हाताने बसवाव्या लागत. एक बसवायला गेलं की ती दुसरी मागायची, दुसरी तिसरी मागायची, आणि माणूस रात्रभर फायली शोधत बसायचा. यलो डॉग नावाच्या लिनक्समध्ये यावर एक साधन होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी ते नव्याने घडवलं, तेच यम. विडाल २०१३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. जगभरातले लाखो सर्व्हर त्यांच्या कामावर चालले, त्यात आपल्याकडचेही होते, म्हणून त्यांचं नाव इथे मुद्दाम घेतलं.

यम बदलावं लागलं त्याची कारणं सरळ आहेत. ते पायथन २ या भाषेत लिहिलेलं होतं, आणि त्या भाषेचाच सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. शिवाय कोणाला कोण लागतं हे सोडवायची त्याची पद्धत संथ होती आणि गुंतागुंत वाढली की अडखळायची. त्याच्या जागी आलेलं डीएनएफ यमपासूनच फुटून निघालं. फेडोरा या लिनक्सच्या १८ व्या आवृत्तीत २०१३ साली ते पहिल्यांदा आलं, २०१५ च्या फेडोरा २२ मध्ये मुख्य साधन झालं आणि २०१९ मध्ये, सेंटओएस ज्याच्यावर बेतलेली असे त्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीने ते स्वीकारलं. हिशोब सोडवण्यासाठी ते ओपनसूसे या दुसऱ्या लिनक्सकडे तयार झालेली ‘लिबसॉल्व्ह’ ही प्रणाली वापरतं. सगळ्या अटी एकत्र मांडून त्या सगळ्यांना चालेल असं उत्तर ती शोधते. उत्तर नसेल तर तसं आधीच सांगते आणि सर्व्हरवरच्या एकाही फायलीला हात लावत नाही.

चालू असणं वेगळं आणि दुरुस्ती मिळत राहणं वेगळं

तुमच्या सेंटओएस ७ वर आज ‘यम अपडेट’ दिलं तर बहुतेक ठिकाणी ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ असं येतं आणि पुढे मिररलिस्टचा (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीचा) पत्ता दिसतो. तुमचं इंटरनेट ठीक आहे. यम ज्या पत्त्यावर विचारायला जातं, तो पत्ताच बंद केलेला आहे. जुनी पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत, पण तिथे नवीन काहीच येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही ठिकाणी कुणीतरी यमचा पत्ता बदलून व्हॉल्टकडे वळवून देतं आणि “यम चालू करून दिलं” म्हणून सांगतं. त्यानंतर अपडेट दिलं की एररही येत नाही. अपडेट करण्यासारखं एकही पॅकेज नाही, असं उत्तर मिळतं. मालक निर्धास्त होतो, कारण वाचताना त्याचा अर्थ सर्व्हर अद्ययावत आहे असाच लागतो. खरं तर जिथे विचारलं तिथे नवा माल येणंच थांबलंय. एरर दिसत असते तेव्हा निदान काळजी तरी वाटते. म्हणून नवीन सर्व्हर होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून आम्ही व्हॉल्ट वापरतो, पण तो कायमचा उपाय म्हणून कुणालाही देत नाही.

“इतकी वर्षं जुनं सॉफ्टवेअर, त्यातले दोष आता सापडून संपले असतील,” असंही ऐकायला मिळतं. अनुभव उलटा आहे. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या ‘सुडो’मध्ये २०११ सालापासूनचा दोष जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला. ‘पोलकिट’मधला दोष २००९ पासूनचा होता, तो जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आला. दोन्हींत मशीनवरचा साधा वापरकर्ता थेट पूर्ण मालकीचे अधिकार मिळवू शकत होता. तेव्हा सेंटओएस ७ ला दुरुस्ती मिळत होती, त्यामुळे एक अपडेट देऊन प्रश्न मिटला. असाच दोष उद्या निघाला तर सेंटओएस ७ साठी ती दुरुस्ती सेंटओएसकडून येणार नाही.

ज्या मशीनला इंटरनेट नाही, ऑफिसचं नेटवर्क नाही आणि पेनड्राइव्हही लागत नाही, ते बदला असा आग्रह आम्ही धरत नाही. पण “आमचं नेटला नाहीये” असं सांगणाऱ्यांनी एकदा केबल कुठे जाते ते बघून घ्यावं. मोबाइलवर रोजचा गल्ला दिसत असेल, तर सर्व्हर नेटला आहे.

नुसतं डीएनएफ बसवून भागेल का?

नाही. सेंटओएस ७ वर डीएनएफ बसवता येतं, पण ते विचारायला जाणार त्याच बंद दारांवर. बदलायची आहे ती सगळी कार्यप्रणाली. आम्ही अल्मालिनक्स ९ देतो. ती मोफत आहे, घडण सेंटओएससारखीच रेड हॅटच्या वळणाची असल्यामुळे तुमच्या ऑपरेटरला फार नवं वाटत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या २०३२ पर्यंत मिळणार आहेत.

आहे त्याच मशीनवर ७ वरून ८ आणि ८ वरून ९ असं चढत जाण्यासाठी अल्मालिनक्सचंच ‘एलिव्हेट’ आहे. ते चांगलं आहे. पण आपल्याकडच्या दहा वर्षं जुन्या सर्व्हरवर चार जणांनी चार तऱ्हेने हाताने बसवलेल्या गोष्टी असतात, आणि यमच्या नोंदीत त्यांचा पत्ताच नसतो. अर्ध्या वाटेत अडकलं की मागे फिरणं कठीण जातं. म्हणून आमचा कल दुसरं मशीन शेजारी उभं करण्याकडे असतो. जुना चालू ठेवायचा, नव्यावर सगळं बसवून तुमच्याच माणसांकडून बिलं काढून बघायची, आकडे जुळले की मग नव्याला जुन्याचा पत्ता द्यायचा. काही बिघडलं तर जुना तिथेच असतो. यात खर्च थोडा वाढतो, पण धंदा एक दिवसही थांबत नाही.

कामात अडचण कुठे येते

पहिली अडचण तुमच्या बिलिंगच्या प्रोग्रॅमची. असे बरेच प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत लिहिलेले असतात. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ यायचं, अल्मालिनक्स ९ मध्ये पीएचपी ८ आहे. डेटाबेसशी बोलायच्या जुन्या ‘मायएसक्यूएल’ आज्ञा पीएचपी ७ मध्येच काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे २०१२-१४ च्या सुमारास कुणाकडून लिहून घेतलेला प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर कोरं पान दाखवू शकतो. ज्याने लिहिला तो आता पुण्याला नोकरीला असतो, फोन लागत नाही. कोड तुमच्याकडे असेल तर तो सुधारता येतो. तो नसेल तर आधी सांगा, कारण मग कामाचा अंदाज पूर्ण बदलतो.

दुसरी अडचण मराठी नावांची, आणि पतसंस्थांनी हा भाग नीट वाचावा. अनेक जुन्या डेटाबेसमध्ये खातेदारांची नावं देवनागरीत आहेत, पण तक्त्यावर ‘लॅटिन १’ अशी, म्हणजे रोमन अक्षरांची, खूण राहून गेली आहे. जुना प्रोग्रॅम ते चालवून घेतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डेटा नेहमीच्या पद्धतीने काढून नव्यात भरला की तो दोनदा रूपांतरित होतो आणि ‘पाटील’च्या जागी अगम्य चिन्हांची ओळ उमटते. आकडे बरोबर असतात, शिल्लक जुळते, फक्त नाव कुणाचं तेच वाचता येत नाही. यावर इलाज आहे, पण तो डेटा काढतानाच करावा लागतो. म्हणून आम्ही आधी प्रत्येक तक्त्यातली काही नावं नमुन्याला काढून तुमच्या लेखनिकाला दाखवतो. त्यांनी होकार दिल्यावरच पुढे जातो.

तिसरी गोष्ट वजनकाट्याची. काट्याशेजारचा संगणक पुष्कळ ठिकाणी अजून विंडोज एक्सपीवर आहे. तो फायली वाटून घेण्याची जी जुनी पद्धत बोलतो, ती सांबाने (लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ४.११ या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवली आहे. सेंटओएस ७ वर सांबा ४.१० होतं म्हणून आजवर चाललं. नवा सर्व्हर आला की काट्यावरचा फोल्डर दिसेनासा होईल. ती जुनी पद्धत हट्टाने पुन्हा उघडता येते, पण आम्ही ते टाळतो आणि काट्याचा संगणकच बदला असं सांगतो.

मशीन फार जुनं असेल तर तेही बघावं लागतं. कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर अल्मालिनक्स ९ चालतच नाही.

विजेबद्दल वेगळं सांगायला नको. अपडेट चालू असताना लाइट गेली तर काही पॅकेजेस नवी, काही जुनी आणि नोंदी अर्धवट, अशी अवस्था होते. सेंटओएस ७ मध्ये या नोंदी बर्कली डीबी या पद्धतीत असत, आणि अशा झटक्यानंतर त्या पुन्हा उभ्या करायची वेळ यायची. अल्मालिनक्स ९ मध्ये त्या एसक्यूलाइटमध्ये असतात, तिची ठेवण जास्त भक्कम आहे. तरीसुद्धा यूपीएस दहा मिनिटंही टिकत नसेल तर आम्ही काम सुरू करत नाही. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावच्या उन्हात बंद खोलीतली बॅटरी लवकर खराब होते, ती एकदा तपासून घ्या.

ऑपरेटरसाठी दोन शब्द

नव्या सर्व्हरवर ‘यम’ टाइप केलं तरी चालतं, आत डीएनएफच धावतं. तरी एक फरक डोळ्यांत तेल घालून लक्षात ठेवा. डीएनएफ एखादं पॅकेज काढताना, केवळ त्याच्यासाठी आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेसही सोबत काढतं. यम आपणहून असं करत नव्हतं. म्हणून काढण्याची यादी पूर्ण वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. ‘डीएनएफ हिस्टरी’ दिल्यावर कोणत्या दिवशी काय बसवलं-काढलं ते दिसतं, आणि बहुतेक वेळा ते उलटवताही येतं. डेटाबेसमधली माहिती मात्र त्याने परत येत नाही, तिच्यासाठी बॅकअपच लागतो. रात्री आपोआप अपडेट करणाऱ्या ‘यम-क्रॉन’च्या जागी आता ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ आहे, ते आम्ही लावून देऊ. पॅकेज खऱ्या ठिकाणाहून आलं हे सांगणाऱ्या डिजिटल सहीची तपासणी बंद करून ते बसवा असं कुठल्या व्हिडिओत सांगितलं असेल, तर ते करू नका.

ज्यांच्याकडे उबंटू हे दुसरं लिनक्स आहे त्यांचा प्रश्न निराळा. तिथलं पॅकेजेसचं साधन ‘एपीटी’ बदललेलं नाही. पण १८.०४ आणि २०.०४ या आवृत्त्यांचा नेहमीचा सांभाळ संपला आहे, तेव्हा तुमची आवृत्ती कोणती ते आम्हाला विचारून घ्या.

कधी करायचं

जिनिंगवाल्यांनी पावसाळ्यात करून घ्यावं. कापसाची आवक सुरू झाली की आम्हीच सर्व्हरला हात लावायला नाही म्हणतो. पतसंस्थांनी मार्च-एप्रिल टाळावा, वर्षअखेर आणि ऑडिट आटोपू द्यावं. सराफ्यातल्या ग्राहकांनी आखाजी आणि धनत्रयोदशी यांच्या आधीचे आठवडे मोकळे ठेवावेत. शाळांना मे महिना उत्तम. केळीवाल्यांचं काम बारमाही, तेव्हा रावेर-यावलकडच्या व्यापाऱ्यांनी आपला मंद काळ आपणच सांगावा, आम्ही त्याप्रमाणे येऊ.

आम्ही येण्याआधी काही गोष्टी शोधून ठेवा. सर्व्हरचा रूट पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, बिलिंग प्रोग्रॅमचा कोड असल्यास त्याची प्रत, आणि सर्व्हरला जोडलेले प्रिंटर, काटे, बारकोड मशीन यांची कागदावर लिहिलेली यादी. शेवटचा बॅकअप कोणत्या डिस्कवर आहे तेही बघा, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का ते तपासा. उघडत नसेल तर फोन करून तेच आधी सांगा, म्हणजे आम्ही पहिल्या दिवशी बॅकअपचंच काम धरू. पाहणीनंतर कामाचा आणि खर्चाचा अंदाज लेखी देऊ, त्यावर तुमची सही झाल्यावरच काम सुरू होईल.