उपचारात्मक मर्दन

उपचारात्मक मर्दन : (रेमेडियल मसाज). दुखऱ्या स्नायूची, कंडरेची (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) वा सांध्याभोवतालच्या ऊतींची तपासणी करून, दुखण्याचे मूळ ठरवून हाताने करावयाचा उपचार. अभ्यंगात तेलाला महत्त्व असते. येथे दाबाची जागा, दिशा आणि वेळ यांना.

‘मसाज’ या फ्रेंच शब्दाचे मूळ कोणी अरबीत (‘मस्स’, स्पर्श), कोणी ग्रीकमध्ये, तर कोणी पोर्तुगीज ‘आमासार’मध्ये (कणीक मळणे) शोधतात. पद्धतीच्या जनकत्वाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रचलित ‘स्वीडिश’ मर्दनाचे श्रेय स्वीडिश व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांना देण्याचा प्रघात आहे. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था काढली. त्यांच्या वैद्यकीय व्यायामात चोळणे-दाबणे होते, परंतु ते गौण. एफ्लुराज (लांब हात फिरवणे), पेत्रिसाज (मळणे), घर्षण व तापोतमां (थोपटणे) ही नावे रूढ झाली ती डच वैद्य योहान मेझगर (१८३८–१९०९) यांच्या परंपरेतून. मुरगळलेल्या पावलावर घर्षणाने उपचार हा मेझगर यांच्या १८६८ मधील प्रबंधाचा विषय होता. त्यांचा दावा अधिक सबळ दिसतो.

वेदना कमी का होते, याचे एकच उत्तर नाही. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक व वॉल यांच्या १९६५ मधील द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्श-दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अटकाव करतात. मर्दनाने व्यायामात स्नायूंत साठणारे लॅक्टिक आम्ल निघून जाते हा समज मात्र टिकत नाही. ते व्यायामानंतर सुमारे तासाभरात आपोआप ओसरते, तर अंगदुखी २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते.

कंडरेच्या जुनाट दुखण्यावर ब्रिटिश वैद्य जेम्स सिरिॲक्स (१९०४–१९८५) यांनी खोल आडवे घर्षण रूढ केले. तर्जनीवर मधले बोट टेकवून नेमक्या दुखऱ्या जागी, तंतूंना काटकोनात, पुढेमागे घासतात. तेल लावीत नाहीत. बोट व त्वचा एकत्र सरकली पाहिजेत. बोट त्वचेवरून घसरले तर फोड येतो आणि खालची कंडरा जशीच्या तशी राहते. आवरण असलेली कंडरा ताणून धरतात, स्नायूचा गाभा मात्र सैल ठेवतात. दोनेक मिनिटांत जागा बधिरल्यासारखी वाटू लागते. तशी वाटली नाही किंवा कळ वाढत गेली, तर जागा चुकली आहे वा दाब जास्त आहे. बधिरतेनंतर सुमारे दहा मिनिटे घर्षण करतात, दिवसाआड. पद्धत काटेकोर असली तरी तिच्या परिणामाचा पुरावा अपुरा आहे.

स्नायूतील दुखऱ्या गाठीवर (ट्रिगर पॉइंट) ३० ते ९० सेकंद स्थिर दाब देतात. वेदना शून्य ते दहा अशी मोजली, तर सहा-सातच्या पुढे दुखू देत नाहीत. त्यापुढे रुग्ण श्वास रोखतो आणि स्नायू उलट आवळतो.

सांध्यांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर) मर्दनाने भरून येत नाही. गुडघेदुखीत मांडीचे आवळलेले स्नायू सैलावले की हालचाल सुकर होते, एवढेच. कंबरदुखीतही आराम बहुधा अल्पकालीन. व्यायामाची जोड लागते.

ताजी इजा, अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा सुजलेला, गरम सांधा असल्यास त्या जागी मर्दन वर्ज्य. रक्त पातळ करणारी औषधे वा ठिसूळ हाडे असल्यास खोल दाब टाळतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून हात न लावता रुग्णास तातडीने डॉक्टरकडे पाठवतात.