कार्ड बाहेर, अडचण केबलमध्ये

लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड (गेम वगैरेंची चित्रं तयार करणारं कार्ड) जोडायचं ठरलं की चौकशी कार्डापासूनच सुरू होते. एनव्हिडियाचं घ्यावं की एएमडीचं, ८ जीबी मेमरी पुरेल की १६ लागेल, वगैरे. या प्रकाराचा आजवरचा प्रवास पाहिला तर घोडं दरवेळी अडलंय ते कार्ड आणि लॅपटॉप यांच्यामधल्या केबलपाशी.

डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या १६ लेनच्या (म्हणजे डेटाच्या १६ मार्गिकांच्या) स्लॉटमध्ये बसतं. २००७ च्या आसपास लॅपटॉपमधून यातली एकच लेन बाहेर काढता यायची, तीही एक्सप्रेसकार्डच्या, म्हणजे जादा कार्ड खुपसण्यासाठी लॅपटॉपच्या कडेला असलेल्या, स्लॉटमधून. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये एका लेनचा वेग सेकंदाला २५० मेगाबाइट, तर सोळा लेनचा ४ गिगाबाइट. आसूसने त्या वर्षीच्या सीईएस प्रदर्शनात दाखवलेला एक्सजी स्टेशन हा ग्राफिक्स कार्डाचा बाहेरचा डबा याच एका लेनवर चालायचा. गाजावाजा खूप झाला, पण बाजारात तो जेमतेमच उतरला. २००८ मध्ये एएमडीने बाहेरच्या कार्डासाठी एक्सजीपी ही जोडणी आणली. कल्पना रास्त होती, थेट आठ लेन बाहेर काढायच्या. पण त्यासाठी लागणारा खास पोर्ट फुजित्सू-सीमेन्सचा अमिलो आणि एसरचा फेरारी वन अशा मोजक्याच लॅपटॉपवर आला आणि विषय तिथेच मिटला.

खरा उद्योग केला तो हौशी मंडळींनी. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, वायफाय कार्ड काढायचं आणि त्या मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून केबल बाहेर घ्यायची. पुढे ईएक्सपी जीडीसी नावाचा स्वस्त चिनी अडॅप्टर आला आणि हे काम बरंच सोपं झालं. टेबलावर उघडं पडलेलं डेस्कटॉप कार्ड, बाजूला जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय आणि कायमचं अर्धवट उघडं झाकण असा सगळा थाट. विंडोज सुरू झालं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डासमोर पिवळं चिन्ह आणि 'कोड १२' दिसायचा. म्हणजे कार्ड ओळखलंय, पण त्याला मेमरीत पुरेशी जागा देता येत नाही. ती मिळवून देण्यासाठी बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) तक्त्यांत फेरफार करण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती. बाहेरच्या कार्डाबद्दलची बरीचशी व्यावहारिक माहिती या खटपटीतून जमा झाली, कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून नव्हे.

२०११ मध्ये अॅपलच्या मॅकबुक प्रोवर थंडरबोल्ट ही नवी जोडणी आली. एकाच केबलमधून पीसीआय एक्सप्रेस आणि डिस्प्ले, वेग सेकंदाला १० गिगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट). एमएसआयने २०१२ मध्ये त्यावर चालणारा जीयूएस २ हा डबा दाखवलाही, पण तो विक्रीला आलाच नाही. एलियनवेअरने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: स्वतःची केबल, स्वतःचा ग्राफिक्स अॅम्प्लिफायर. तो चालायचा छान, पण फक्त एलियनवेअरलाच.

२०१६ चा रेझर कंपनीचा कोर हा डबा म्हणजे महत्त्वाचा टप्पा. थंडरबोल्ट ३ चा ४० गिगाबिटचा टाइप-सी पोर्ट असलेल्या इतर कंपन्यांच्या लॅपटॉपलाही तो तत्त्वतः जोडता येत होता. त्याच वर्षी एएमडीच्या एक्सकनेक्ट या तंत्रामुळे लॅपटॉप चालू असताना डबा काढता-लावता येऊ लागला. किंमत मात्र ४९९ डॉलर, तीही कार्डाशिवाय. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! त्यात ४० पैकी पीसीआय एक्सप्रेसच्या वाट्याला येणार जास्तीत जास्त ३२, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. डेलच्या एक्सपीएस १३ च्या ९३५० आणि ९३६० या मॉडेलांत तर पोर्टमागे चारऐवजी दोनच लेन होत्या. शिवाय गेम लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळलात तर तयार झालेली फ्रेम (एकेक चित्र) त्याच केबलमधून परत यायची आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या, आणखी पडायचा. वेगळा मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डाला लावा हा सल्ला तेव्हापासूनचा, आणि आजही तो पहिला सल्ला आहे.

अॅपलने २०१८ मध्ये मॅकओएस हाय सिएरा १०.१३.४ मधून बाहेरच्या कार्डाला अधिकृत पाठिंबा दिला. २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले, आणि त्यांवर ही सोय नव्हती. डब्यावर पैसे घातलेल्या मॅकवाल्यांचं यात काही चुकलं होतं असं मला वाटत नाही.

विंडोजच्या बाजूला आसूसने २०२१ मध्ये एक्सजी मोबाइल या डब्यासाठी पुन्हा स्वतःचा कनेक्टर काढला. २०२५ च्या एक्सजी मोबाइलला मात्र सरळ थंडरबोल्ट ५ दिलं. मधल्या काळात मुळात सर्व्हरसाठीची ऑक्युलिंक ही केबल-जोडणी गेमिंगमध्ये शिरली. जीपीडीने २०२३ मध्ये जी१ हा छोटा डबा आणला, आत एएमडीची रेडिऑन आरएक्स ७६००एम एक्सटी ही ग्राफिक्स चिप. ऑक्युलिंकमधून पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या चार लेन थेट मिळतात, म्हणजे सुमारे ६४ गिगाबिट, आणि मध्ये पीसीआय एक्सप्रेसचं थंडरबोल्टमध्ये आणि परत असं रूपांतर करावं लागत नाही. पण त्या केबलमधून लॅपटॉप चार्ज होत नाही, आणि चालू मशीनमधून ती उपटायची नसते. थंडरबोल्ट ५ पीसीआय एक्सप्रेसला तेवढाच वेग देऊ शकतं आणि चार्जिंगही करतं, पण तो पोर्ट अजून महागड्या लॅपटॉपवरच दिसतो.

मधल्या किमतीत सापडतं यूएसबी४, आणि खरेदीत फसगत होते ती इथेच. यूएसबी४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस वाहून नेणं लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे. थंडरबोल्ट ४ मध्ये ते सक्तीचं आहे, ३२ गिगाबिट. दोन्ही पोर्ट बाहेरून सारखेच टाइप-सी दिसतात, त्यामुळे आधी त्या नेमक्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन वाचायचं आणि मग कार्डाच्या किमती बघायच्या.